मोठ्या टँकातला शेजार

मोठा टँक घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी माशाचं नाव सांगतं. ऑस्कर पाहिजे, फ्लॉवरहॉर्न पाहिजे, ते निळे-पिवळे आफ्रिकन पाहिजेत. मी विचारते, घरी पाणी कुठलं? नळाचं, विहिरीचं की बोअरचं? मे महिन्यात किती दिवसांआड येतं? पावसाळ्यात लाइट गेली की किती वेळ जाते? मासे घ्यायला आलेल्या माणसाला हे प्रश्न भलतेच वाटतात. पण जव्हारमध्ये, आणि त्याहून जास्त मोखाड्याच्या बाजूला, कुठला सिक्लिड कुणासोबत ठेवायचा याचं उत्तर याच प्रश्नांतून निघतं. माशांचा स्वभाव पुस्तकात सापडतो. आपलं पाणी आणि आपली लाइट मात्र पुस्तकात नसते.

माझं माहेर मोखाडा तालुक्यातलं, वैतरणेच्या खोऱ्यातलं. डोक्यावर हंडे घेऊन चढ चढण्यात लहानपण गेलं. आमच्याच तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणाचं १०० मीटरांहून उंच धरण उभं राहिलं. त्याचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. लग्न होऊन विरारला गेले, तिथे ॲक्वेरियमच्या दुकानात मासे पॅक करायचं काम मिळालं. मग लोकांच्या घरी जाऊन टँक साफ करायचं, मग नवीन टँक बसवून द्यायचं. कुर्ल्याच्या मासेबाजारात माल निवडायला जायचे तेव्हा रोगट मासा कसा ओळखायचा ते शिकले. मिटलेले पर, एका कोपऱ्यात जाऊन उभं राहणं, कल्ल्यांची जलद उघडझाप. नंतर आम्ही इकडे परत आलो आणि मी जव्हारला छोटं दुकान टाकलं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये बादल्या भरभरून जुनं पाणी मोरीत ओतताना ज्या पोरीला आपल्या पाड्यावरची विहीर आठवायची, तीच आज इथे टँक विकते. म्हणून पाण्याचा प्रश्न मी आधी विचारते आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत मासा दाखवत नाही.

सिक्लिड म्हणजे काय हे सांगायला मला परदेशी नावं लागत नाहीत. मी म्हणते, चिलापी खाता ना? चिलापी सगळ्यांना माहीत आहे. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि तळ्याधरणांतून पसरत गेला. ताटातली चिलापी आणि टँकातला ऑस्कर एकाच कुळातले, दोघंही सिक्लिड. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या चिखलात ताटाएवढे गोल खड्डे दिसतात, एकाला लागून एक. ते चिलापीच्या नरांनी तोंडानं उकरलेले असतात. प्रत्येक नर आपला खड्डा राखतो, दुसऱ्याला फिरकू देत नाही. मादी तिथे अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पिल्लं बाहेर पडून पोहायला लागेपर्यंत ती तोंडातच सांभाळते, आणि त्या काळात तिचं खाणं जवळजवळ बंद असतं. लहानपणी आम्ही त्या खड्ड्यांत पाय घालून खेळायचो. ते कुणाचं घर आहे हे कळायला मला विरारच्या दुकानात जावं लागलं.

सिक्लिडचा सगळा स्वभाव त्या खड्ड्यात आहे. बहुतेक मासे अंडी सोडतात आणि निघून जातात. सिक्लिड थांबतो. दगड साफ करतो, अंड्यांवर पर हलवून पाणी खेळतं ठेवतो, पिल्लांना घेऊन फिरतो. ज्याला पिल्लं राखायची आहेत त्याला जागा राखावीच लागते. लोक म्हणतात, ‘ताई, हा मासा फार मारका आहे.’ मला तो मारका वाटत नाही. त्याला हवी तेवढी जागा आपण दिलेली नसते. काचेच्या चार भिंतींत पळून जायला वाट नसते, त्यामुळे नदीत जे भांडण दोन हात लांब पळाल्यावर मिटलं असतं ते इथे मरेपर्यंत चालतं. म्हणून शेजारी निवडताना मी तीन गोष्टी बघते. मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होणार, जोडी लागल्यावर किती जागा अडवणार आणि त्याला कसलं पाणी लागतं. रंग शेवटी.

जागेचा हिशेब मी कागदावर करून दाखवते. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकात साधारण २५५ लिटर पाणी मावतं. सहा बाय दोन बाय दोनमध्ये ६८० लिटर. म्हणजे लांबी दीडपट झाली आणि रुंदी-उंची अर्ध्या फुटानं वाढली तर पाणी अडीचपटीच्या वर जातं. मोठ्या टँकाचा खरा फायदा हाच. पाणी जास्त असलं की बिघडायला वेळ लागतो आणि चूक सुधारायला सवड मिळते. पण ६८० लिटर म्हणजे नुसतं पाणीच ६८० किलो. काच, रेती, दगड धरले तर ओझं ९०० किलोंच्या आसपास जातं. जव्हारच्या जुन्या घरांतल्या लाकडी माळ्यावर मी असला टँक बसवत नाही, कितीही आग्रह झाला तरी. तळमजला, भक्कम कोबा आणि लोखंडी स्टँड पाहिजे. घाटातून एवढा तयार टँक आणायची जोखीमही मी घेत नाही. १२ मिलिमीटरच्या काचा कापून आणायच्या आणि सिलिकॉननं घरातच जोडायच्या. सिलिकॉन वाळेपर्यंत घरात आंबूस वास राहतो, पोरं नाक दाबून फिरतात.

मोखाड्याच्या रस्त्याला एका किराणा दुकानदारांनी नवं घर बांधलं तेव्हा हॉलमध्ये असाच सहाफुटी टँक करून घेतला. यादी त्यांनी आधीच लिहून ठेवली होती. दोन ऑस्कर, एक फ्लॉवरहॉर्न, चार पॅरट, डझनभर आफ्रिकन, दोन शार्क आणि काच साफ करायला सकर.

मी यादी वाचली आणि म्हटलं, ‘भाऊ, यातले निम्मे दुसऱ्या निम्म्यांना खातील, आणि उरलेले पाण्यानं मरतील.’

‘ताई, सहा फूट काच आहे. एवढीशी पोरं आहेत ती, बसतील की सगळी.’

‘एवढीशी आज आहेत.’

मग आम्ही एकेका नावावर बसून बोललो. ऑस्कर दुकानात दोन इंचांचा असतो, डोळे फिरवून माणसाकडे बघतो, कुणालाही आवडेल. पण वर्षभरात तो १० इंचांच्या घरात जातो आणि नीट सांभाळला तर १० वर्षांहून जास्त जगतो. जे तोंडात मावतं ते खातो आणि खातो तेवढी घाणही करतो. फ्लॉवरहॉर्न मुळात कुठल्याच नदीतला नाही. १९९०च्या दशकात मलेशियात वेगवेगळे सिक्लिड एकमेकांत मिसळून तो तयार केला गेला. त्याच्या कपाळावरचा गोळा म्हणजे भाग्य, असं मानून पुष्कळ लोक तो घेतात. श्रद्धा ज्याची त्यानं ठेवावी. पण तो दुसरा मासा सहन करत नाही, त्याला एकट्यालाच चारफुटी टँक द्यावा. पॅरटही माणसानं घडवलेला संकर. त्याचं तोंड नीट मिटत नाही, चावा बसत नाही, त्यामुळे भांडण झालं की मार खाणारा तोच. ऑस्करच्या किंवा आफ्रिकनच्या टँकात पॅरट टाकणं मला पटत नाही. ज्याला दुकानात शार्क म्हणतात तो पंगास. हॉटेलात बासा म्हणून वाढतात त्याच घराण्यातला. तळ्यात तो माणसाच्या कमरेपर्यंत येईल एवढा वाढतो, थव्यानं राहतो आणि घाबरला की नाकाडानं काचेवर आपटत सुटतो. घरातला कुठलाच टँक त्याला पुरत नाही. साधा सकर दीड फुटापर्यंत जातो. काचेवरचं शेवाळ तो लहानपणी खातो, मोठेपणी रात्री चपट्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो. त्याऐवजी ब्रिसलनोज घ्यावा. तो वीतभरही होत नाही आणि आयुष्यभर शेवाळ खातो.

राहिले आफ्रिकन. मला स्वतःला ते फार आवडतात. मलावी सरोवरात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठे नाहीत. त्यातले बरेच खडकांच्या कपारीत राहणारे, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे. त्यांचं पाणी जड आणि अल्कली असतं, पीएच ८च्या आसपास. ऑस्करचं पाणी ॲमेझॉनचं, मृदू आणि किंचित आम्ल. दोघं तडजोडीच्या पाण्यात जगतात हे खरं आहे, दुकानदार तेच सांगून विकतात. पण खाणं कसं जुळवणार? शेवाळ खाणाऱ्याला ऑस्करचं मांसाहारी खाद्य मिळालं की त्याचं पोट फुगतं, आतडी बिघडतात आणि तो मरतो. यावर औषध शोधण्यापेक्षा दोघांना एकत्र न ठेवणं सोपं.

आफ्रिकन टँकाची मुंबईतली रीत अशी, की मासे मुद्दाम दाटीनं ठेवायचे. दोन-चारच असले तर दांडगा नर एकाला धरून संपवतो. वीस-पंचवीस असले तर त्याचा राग वाटला जातो, एकावर टिकत नाही. एका नरामागे तीन-चार माद्या. दगडांच्या राशी काचेच्या वरपर्यंत, म्हणजे लपायला जागा आणि एकमेकांची नजर तुटते. सारख्या रंगाचे, सारख्या पट्ट्यांचे नर एकत्र टाळायचे, कारण आपल्यासारखा दिसणारा त्यांना पहिला वैरी वाटतो. ही रीत बरोबर आहे, मी तिथे अशा टँकांवर काम केलंय. पण त्या दाटीला रात्रंदिवस चालणारा जोरदार फिल्टर लागतो. जव्हारला जुलैत वारा सुटला, झाड तारांवर पडलं की लाइट किती वेळानं येईल ते कुणी सांगू शकत नाही. फिल्टर थांबला की पाण्यातला प्राणवायू घटतो, आणि दाटीच्या टँकात तो सगळ्यात आधी संपतो. वर अल्कली पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. म्हणजे भांडण टाळायचा जो उपाय, तोच लाइट गेल्यावर जिवावर येतो. मुंबईत चालणारं इथे चालेलच असं नाही, हे मला पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं.

तरीही ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे आणि बोअरचं पाणी जड आहे, त्यांना मी आफ्रिकन देते. पण सौम्य जाती निवडून. इलेक्ट्रिक यलो आणि पीकॉक यांचं जमतं. पट्ट्यांचे ऑराटस किंवा केनी मी त्यांच्यात मिसळत नाही. त्या जातींचे नर पाच इंचांचे असूनही टँकाचे मालक होतात. पाण्याचा जडपणा टिकवायला फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा भरते. आपल्याकडे डहाणूचा किनारा काही लांब नाही, शिंपले तिथले आणते. काही जण पांढरा प्रवाळ मागतात. तो मी ठेवत नाही. प्रवाळ वन्यजीव कायद्यानं राखलेला आहे, आणि शिंपल्यांनी तेच काम होतं.

किराणावाल्या भाऊंनी यादी खिशात घातली आणि विचारलं, ‘मग माझ्या टँकात राहणार कोण?’ मी म्हटलं, तुमच्या विहिरीचं पाणी मला एका बाटलीत द्या. ड्रॉपच्या किटनं पीएच आणि जडपणा तपासला. पाणी मृदू होतं. आमच्याकडे एवढा पाऊस होतो, तो कातळावरून वाहून येतो, त्यामुळे झऱ्या-विहिरींचं पाणी पुष्कळ ठिकाणी मृदू लागतं. असं पाणी दक्षिण अमेरिकेच्या माशांना मानवतं. त्यातले मी त्यांना सुचवले ते सेव्हरम, जिओफेगस आणि सिल्व्हर डॉलर. ऑस्करचा हट्ट त्यांनी सोडला. एकच ऑस्कर आणि सोबत मोठे सिल्व्हर डॉलर, असा दुसरा टँक पुढे कधी करू असं ठरलं.

या शेजाराबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तो मी बऱ्याच घरांत बसवलाय आणि इथल्या हवेत तो टिकतो. सेव्हरम हाताच्या पंजाएवढा, सावकाश पोहणारा, भाजीपाला आवडीनं खाणारा सिक्लिड. उकडलेले वाटाणे, काकडी, पालक. जिओफेगस तळाशी राहतो. तो तोंडात रेती घेतो, सुपात तांदूळ पाखडावेत तशी ती आतल्या आत फिरवतो, खाण्याचे कण वेगळे करतो आणि स्वच्छ रेती कल्ल्यांतून सोडून देतो. म्हणून त्याच्या टँकात बारीक, गोल कणांची रेती पाहिजे. रंगीत खडे घातले तर त्याचं जगणंच बंद होतं, कच खरखरीत असेल तर तोंड आणि कल्ले सोलतात. सिल्व्हर डॉलर सिक्लिड नाही. तो चपटा, चांदीच्या रंगाचा, थव्यानं मधल्या-वरच्या पाण्यात फिरणारा. त्याचं काम वेगळंच आहे. वर फिरणारे मासे निवांत दिसले की खालच्या सिक्लिडला कळतं की आसपास धोका नाही, आणि तो कोपरा सोडून बाहेर येतो. लाजणारा सिक्लिड माणसाळायचा असेल तर औषधं नकोत, त्याला असा सोबती द्यावा. पण सिल्व्हर डॉलर पाणवनस्पती साफ खाऊन टाकतो, त्यामुळे या टँकात हिरवळीची हौस सोडावी लागते.

सहाफुटी टँकात मी सेव्हरम दोन, जिओफेगस पाच आणि सिल्व्हर डॉलर सहा एवढेच ठेवते. बघणाऱ्याला टँक सुरुवातीला रिकामा वाटतो. नातेवाईक म्हणतात, एवढी मोठी काच आणि मासे कुठे आहेत? वर्षभर थांबा, असं मी सांगते. याच मोकळ्या पाण्यामुळे लाइट गेल्यावर रात्र निभते. सोबत बॅटरीवरचा एअर पंप आणि साधा स्पंज फिल्टर असतोच. डबा-फिल्टर असेल तर आणखी एक काळजी घ्यायला शिकवते. बरेच तास बंद राहिलेल्या डब्यातलं पाणी सडतं, आतले उपयोगी जिवाणू गुदमरतात. लाइट आली म्हणून तो तसाच सुरू केला की ती घाण सगळी टँकात येते. आधी डबा उघडून ते पाणी फेकायचं, मग चालू करायचा.

मासे सोडायचाही क्रम असतो. टँक भरल्यावर आधी चार ते सहा आठवडे जिवाणू रुजू द्यायचे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिली दोन विषारी आहेत, आणि हे चक्र बसायच्या आत मासे सोडले तर ते महिनाभरात जातात. मग आधी सिल्व्हर डॉलर, मग जिओफेगस आणि सगळ्यात शेवटी सेव्हरम. जो मालक होणार त्याला शेवटी आणायचं, म्हणजे येताना त्याला सगळ्या जागा भरलेल्या दिसतात. नवा मासा सोडायच्या दिवशी दगड-लाकडांची मांडणी हलवते आणि दिवे बंद ठेवते. जुन्यांच्या हद्दी मोडतात, सगळेच नवखे होतात आणि पहिली रात्र मारामारीशिवाय जाते.

जव्हारमधल्या एका शिक्षकांच्या घरी या शेजाराची परीक्षा झाली. त्यांच्या सेव्हरमची जोडी लागली आणि त्यांनी ओढ्यातून आणलेल्या एका सपाट काळ्या दगडावर अंडी घातली. सरांच्या पत्नीचा फोन आला, ‘अहो ताई, दोघांनी मिळून बाकीच्यांना एका कडेला दाबून ठेवलंय. काढू का त्यांना बाहेर?’ मी गेले. जोडीनं निम्मा टँक अडवला होता. नर पुढे येऊन कल्ले फुगवायचा, मादी अंड्यांवर पर हलवत राहायची. कुणाच्याही अंगावर जखम नव्हती, पर फाटलेले नव्हते. मी जोडी काढली नाही. टँकाच्या मधोमध एक मोठं लाकूड उभं केलं, त्यामुळे या बाजूच्यांना त्या बाजूचे दिसेनासे झाले आणि नराचं धावणं कमी झालं. त्या घरातली आजी रोज खुर्ची टाकून टँकासमोर बसायची. तिनं मला सांगितलं, ‘बाई रात्रीसुद्धा हलत नाही गं अंड्यावरून.’ पिल्लं पोहायला लागली तेव्हा घरातला टीव्ही बंद होता म्हणे. त्यातली पुष्कळशी पिल्लं सिल्व्हर डॉलरनी खाल्ली, हेही खरं आहे. थोडी सरांनी वेगळ्या टाकीत वाढवली.

आपल्या देशातलेही सिक्लिड आहेत, हे सांगितलं की लोक चकित होतात. कालुंदर हा त्यातला मोठा, गोव्यात आवडीनं खातात, केरळात त्याला करीमीन म्हणतात आणि तिथला तो राज्यमासा आहे. दुसरा लहान, नारिंगी क्रोमाइड, तीन इंचांचा. दोघंही खाडीच्या मचूळ पाण्यात एकत्र राहतात आणि त्यांचा शेजार अभ्यासकांनी बारकाईनं पाहिलेला आहे. लहान क्रोमाइड कालुंदरच्या अंगावरची बुरशी आणि परोपजीवी वेचून खातात, कालुंदर त्यांना ते करू देतो. आणि हेच क्रोमाइड संधी मिळाली की कालुंदरची अंडी-पिल्लंही खातात. शेजार जमतो म्हणजे काय, याचं याहून खरं उदाहरण मला माहीत नाही. दोघांना जागा पुरेशी असली की हे सगळं चालून जातं.

मुलांच्या एका वसतिगृहासाठी टँक करायचा होता तेव्हा मी नारिंगी क्रोमाइड सुचवले. सोबत ओढ्यातले चपळ बारीक मासे, ज्यांना दुकानात डॅनियो म्हणतात. हे वरच्या पाण्यात धावतात, क्रोमाइडच्या हाती लागत नाहीत. पाण्यात जडपणा यावा म्हणून इथेही शिंपल्यांचा चुरा. मुलं वारली, कोकणा, ठाकूर घरांतली. डॅनियो पाहून त्यांनी आपापल्या पाड्यावरचं नाव सांगितलं, प्रत्येकाचं वेगळं. मग एकदा क्रोमाइडची पिल्लं निघाली आणि आईबापांच्या अंगाला तोंड घासायला लागली. पोरांना वाटलं चावतायत. मी सांगितलं, आईबापाच्या अंगावर चिकट थर येतो, पिल्लं तो खातात. एक मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे दूधच ते.’ तिला मी दुरुस्त केलं नाही.

पाण्याचं सांगायचं राहिलं. दर आठवड्याला चौथा भाग पाणी बदलावं असं सगळीकडे सांगतात. ६८० लिटरांचा चौथा भाग १७० लिटर. आमच्या पाड्यावर एवढ्या पाण्यासाठी एका बाईला विहिरीच्या किती खेपा पडतात हे मी जगलेली आहे. त्यामुळे इथल्या टँकाची आखणीच मी कमी पाणी बदलावं लागेल अशी करते. मासे कमी, खाद्य मोजून, रोज एकदाच आणि आठवड्यातून एक दिवस उपास. टँकाच्या मागच्या कडेला मनीप्लांटच्या फांद्या अशा लावते की मुळं पाण्यात लोंबतात आणि नायट्रेट शोषतात. पानं पाण्याबाहेर असल्यानं सिल्व्हर डॉलरना ती मिळत नाहीत, मुळं जाळीत ठेवते. नायट्रेट तपासून पाणी बदलायचं, वार बघून नाही. आणि काढलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. जव्हार-विक्रमगडकडे मोगऱ्याची लागवड पुष्कळ झालीय. टँकातलं पाणी मोगऱ्याला खताचं पाणी आहे. माझ्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांच्या घरी मोगरा आहे त्यांना पाणी बदलायची आठवण मला करून द्यावी लागत नाही. ज्यांच्या घरी एप्रिल-मेमध्ये टँकरचं पाणी येतं, त्यांना मी मोठा टँक देत नाही. ते रागावतात. मी पावसाळ्यानंतर या म्हणते आणि तोवर दोन फुटांच्या टाकीत क्रोमाइडची जोडी ठेवा म्हणते.

मासा परत घेणं हा माझ्या कामाचा दुसरा भाग आहे आणि तो मला विकण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. टँकात जमलं नाही की लोक मासा ओढ्यात किंवा धरणात सोडतात. त्यांना ते पुण्याचं वाटतं. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरात १९५०च्या दशकात नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला आणि पुढच्या काही दशकांत तिथल्या सिक्लिडच्या शेकडो जाती संपल्या. त्यातल्या बऱ्याच आता कुणालाच दिसणार नाहीत. आपल्याकडच्या नद्यांमध्येही टँकांतून सुटलेले सकर सापडतात. माझ्या माहेरी पहिला पाऊस पडून ओढे वाहायला लागले की वलगणीचे मासे चढतात, भाताच्या खाचरांत येऊन अंडी घालतात. मरळ, शिंगटी, वाम. त्यांच्या वाटेवर फूटभर लांबीचा ऑस्कर बसला तर ती अंडी आणि पिल्लं कुणी वाचवायची? चिलापी एकदा पसरली ती पसरलीच, ती आता परत गोळा करता येणार नाही. म्हणून दुकानात मी पाटीच लावलीय की नको झालेला मासा इथे आणा, पैसे घेणार नाही.

त्यासाठी मागच्या खोलीत एक जुना पाचफुटी टँक ठेवलाय, मधे काचेचे पडदे सरकवून वेगवेगळे कप्पे केलेले. सध्या त्यात एक फ्लॉवरहॉर्न आहे, ज्याच्या मालकाची बदली झाली, आणि एक पांढरा ऑस्कर आहे, जो चारफुटी टँकात मावेनासा झाला. ऑस्कर वसईच्या एकानं घेतो म्हटलंय, त्यांचा टँक आठफुटी आहे आणि सोबत तेवढेच मोठे सिल्व्हर डॉलर आहेत. पाऊस सुरू व्हायच्या आत, घाट मोकळा आहे तोवर, त्याला पोचवायचा आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो आता बसत नाही, म्हणून झाकणाचा ड्रम आणि बॅटरीचा पंप तयार करून ठेवलाय. निघायच्या आदल्या दिवशी त्याला उपाशी ठेवायचं, म्हणजे वाटेत पाणी घाण होणार नाही. फ्लॉवरहॉर्नला अजून घर मिळालेलं नाही.